तीन ऑगस्टीन कौकी

आमच्या शाळेत टेलिफोन एकच होता आणि त्याच्या डायललाही कुलूप होतं. किल्ली हेडसरांच्या गळ्यात, क्रूसाच्या शेजारी. दोन्ही गोष्टी ते सारख्याच श्रद्धेने सांभाळत. गावात तेव्हा पाचांपैकी एका घरी फोन, उरलेले चौघे अर्ज करून बसलेले. आणि तरीही टेलिफोन डिरेक्टरी बघण्यात आमच्या पाचवीच्या पोरांचा हात सबंध गोझो बेटावर कुणी धरला नसता. हे सगळं विस्तिन सरांमुळे.

सर पाचवीला शिकवत, मी चौथीला. मधे फळ्यांचं पार्टिशन होतं, त्यामुळे माझ्या वर्गाला पाचवीचा अभ्यास आपोआप व्हायचा आणि चौथीचा राहून जायचा. सरांकडे कपाटात अकरा वर्षांच्या जुन्या डिरेक्टऱ्या होत्या. नवी आली की ते घरोघरी जाऊन जुनी मागून आणत. बुटांच्या खोक्यांच्या झाकणांना दहा-दहा भोकं पाडून त्यांनी पुठ्ठ्याचे डायल केले होते. दोन पोरांत एक डिरेक्टरी, एक डायल. पोरं नंबर शोधायची, पुठ्ठ्यात बोट घालून फिरवायची, आणि पलीकडून फोन उचलायचे ते सर स्वतः. कधी डॉक्टर होऊन, कधी पोलीस, कधी एखादी कानाने अधू म्हातारी होऊन.

"नार्दु, पाववाल्याचा नंबर काढ."

"सर, पाववाल्याचा म्हणजे काळ्या मांजरीच्या कार्मनुचा?"

"काळी मांजर डिरेक्टरीत नसते. आडनाव सांग."

"सर, त्याला आडनाव आहे?"

इथे पार्टिशनच्या अलीकडे माझा वर्ग हसायचा आणि पलीकडे सरांचा रूळ टेबलावर आपटायचा.

नार्दुचं काही चुकत नव्हतं. आमच्या गावात आडनावं सगळी मिळून पाच. नुसते कौकीच एकसष्ट. घरांना नंबर नाहीत, नावं आहेत. त्यातली चौदा घरं 'आवे मारिया', नऊ 'सेंट जोसेफ', आणि परदेशात राबून परत आलेल्यांची तीन 'गॉड ब्लेस ऑस्ट्रेलिया'. शिवाय ज्याला सगळं गाव साल्वु म्हणतं, तो सरकारी कागदावर सेव्हियर. त्यामुळे डिरेक्टरीतून आमच्या गावातला माणूस शोधणं म्हणजे मिठाच्या पोत्यातून मिठाचाच ठरावीक खडा शोधणं. आम्ही एकमेकांना ओळखतो ते घराण्याच्या टोपणनावाने. ते पणजोबाला कुणीतरी चिडवायला ठेवलेलं असतं आणि पणतूच्या लग्नपत्रिकेत छापलं जातं. ते बदलून मिळत नाही. दून साल्व, आमचे पाद्री, म्हणायचे की बाप्तिस्म्याचं पाणी कपाळावरून ओघळतं, टोपणनाव ओघळत नाही.

विस्तिन सरांचं घराणं 'ता-सेन्दुक'. सेन्दुक म्हणजे आपली संदूकच, मोठी पेटी. सरांचे आजोबा विस्तिन तरुणपणी ऑस्ट्रेलियाला निघाले होते. बंदरावर त्यांची पेटी बोटीत चढली, आणि आजोबा आईला शेवटचं भेटायला म्हणून मागे वळले. आई सोडेना. मग मावश्या सोडेनात. बोट सुटली. पेटी मेलबर्नला पोचली, आजोबा घरी परतले. पेटीत लग्नाचा कोट होता, म्हणून लग्नही उसन्या कोटात झालं. आमच्याकडे प्रत्येक मुलगा आपल्या थोरल्याला आजोबांचं नाव ठेवतो. आजोबांना मुलगे तीन, म्हणून नातू विस्तिनही तीन, आणि सरकारी कागदावर तिघेही ऑगस्टीन कौकी. एक आमचे सर. एक बस चालवायचा. तिसऱ्याने ससे पाळले होते, त्याला आपण सशांचा विस्तिन म्हणू, नाहीतर तुम्हीही डिरेक्टरीसारखे घोळ कराल.

सरांना ते टोपणनाव सहन व्हायचं नाही. त्रेचाळीस वर्षांचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, टाय, चकचकीत बूट, आणि भाजीच्या गाडीपाशी गेला की भाजीवाली ओरडणार, "ए पेटी, तुझ्या आईला सांग वांगी आलीत!" म्हणून तर त्यांचा डिरेक्टरीवर जीव. जगात ते एकच पुस्तक असं होतं, ज्यात ते नुसते कौकी ऑगस्टीन होते. आडनाव, नाव, रस्ता, घर, नंबर. ना पेटी, ना आजोबा, ना मावश्या.

आणि त्यांना जायचं होतं. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी मनावर घेतली नव्हती. समोरच्या मोठ्या बेटावर, राजधानीत, शिक्षण खात्यात त्यांना काम हवं होतं. बोटीने अर्धा तास, मग बस. पण आमच्या गावातून बघाल तर ते चंद्रापेक्षा लांब. चंद्र निदान रोज दिसतो. त्यांनी तीनदा अर्ज केला होता. पहिल्यांदा वडील वारले. दुसऱ्यांदा आईचा पाय मोडला. तिसऱ्यांदा पाय बरा झाला होता, पण आई म्हणाली, "आता मोडला तर?"

चौथ्या वेळी जागा जणू त्यांच्यासाठीच निघाली. खात्याला सगळ्या शाळांसाठी एक पुस्तिका करायची होती: मुलांनी डिरेक्टरी, वेळापत्रक, नकाशा यांतून माहिती कशी शोधावी. त्यासाठी एक शिक्षक हवा होता, एक ऑक्टोबरपासून, राजधानीत खोलीसकट. सरांनी अर्ज टाकला त्या दिवशी ते वर्गात चक्क गुणगुणत होते. माझ्या वर्गातली एक मुलगी घाबरून म्हणाली, "मिस, सरांना ताप आलाय का?"

त्याच सुमारास दुसरं एक प्रकरण झालं. एकसष्ट कौक्यांमुळे एक्सचेंजमधली माणसं रडकुंडीला आली होती. म्हणून नव्या डिरेक्टरीत आमच्या बेटापुरतं, हवं असल्यास, नावापुढे टोपणनाव छापायचं ठरलं. घरोघरी फॉर्म आले. गावाने आनंदाने भरले. काळ्या मांजरीच्या कार्मनुने तर मांजरीचं चित्र छापता येईल का विचारलं. सरांनी मात्र ती जागा कोरी ठेवली.

"बापाचं नाव टाकून दिलंस," त्यांची आई जुझामावशी म्हणाली.

"बापाचं नाव कौकी आहे, आई. ते ठेवलंय."

"ते तर सगळ्यांचंच आहे."

डिरेक्टरी आली. त्यात तीन ऑगस्टीन कौकी एकाखाली एक. पहिल्यापुढे 'बसवाला', दुसऱ्यापुढे 'ता-सेन्दुक', तो सशांचा विस्तिन, त्याला पेटीचा केवढा अभिमान. आणि तिसऱ्यापुढे काही नाही. सरांनी ती ओळ मला दाखवली. बोटाखाली कोरी जागा होती आणि चेहरा असा, की जणू तिथे पदवी छापली आहे.

जूनमध्ये खात्याचे देस्पोत्त साहेब सरांचा पाठ बघायला आले. गुटगुटीत, घामट आणि हसरे. अर्जदारांत आमचे सर एकटेच असे होते ज्यांचा वर्ग प्रत्यक्ष बघण्यासारखा आहे, असं हेडसरांनी कळवलं होतं. मीही पार्टिशनच्या फटीला डोळा लावून उभी होते. माझा वर्ग माझ्या मागे रांगेत.

साहेबांनी मार्तीझ नावाच्या मुलीला उभं केलं. "समज, तुमची बकरी आजारी आहे. जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर शोध बरं."

मार्तीझने डिरेक्टरीला हातही लावला नाही. "साहेब, डॉक्टर आत्ता घरी नसतात. मंगळवारी ते बहिणीकडे जेवतात. आणि बहिणीचा फोन बंद आहे, कारण तिचं आणि फोनवाल्यांचं भांडण झालंय. माझा भाऊ सायकलवर जाऊन आणेल."

"पुस्तकात बघ, मार्तीझ," सर दातांतल्या दातांत म्हणाले.

"बघते सर, पण डॉक्टर तिथे नाहीत."

साहेब हसले. मग पोरांनी पुस्तकं उघडली आणि खरोखर कमाल केली. अग्निशमन, दवाखाना, बोटीचं ऑफिस. साहेब नाव उच्चारायच्या आत पानं फडफडायची, पुठ्ठ्याचे डायल फिरायचे. सरांच्या कानाच्या पाळ्या आनंदाने लाल झाल्या. तिथे थांबायला हवं होतं. पण साहेब म्हणाले, "आता शेवटचं. मला तुमच्या सरांनाच फोन करायचाय."

वर्गात खसखस पिकली. नार्दु उभा राहिला. "साहेब, ते तीन आहेत."

"मग यातले तुमचे सर कोणते?"

"पेटीचे!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, आणि कुणी विचारायच्या आत आजोबा, बोट, मावश्या, उसना कोट, सगळी कथा तीस तोंडांतून एकदम बाहेर पडली. साहेब इतके हसले की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "ता-सेन्दुक!" असं म्हणत त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. सर खिडकीबाहेर बघत उभे होते.

सरांना वाटलं, संपलं. पण देस्पोत्त साहेबांना पाठ मनापासून आवडला होता. पुढच्याच मंगळवारी त्यांनी सरांची निवड केली. पत्र मागून जाणारच होतं, पण चांगली बातमी आपल्या तोंडाने द्यावी, आणि शुक्रवारपर्यंत होकार घ्यावा, म्हणून त्यांनी डिरेक्टरी उघडली, वही उघडली, कौकी ऑगस्टीन, ता-सेन्दुक हे बरोबर शोधून काढलं आणि नंबर फिरवला. सरांच्या कुठल्याही विद्यार्थ्याने तसाच फिरवला असता.

सशांच्या विस्तिनने फोन उचलला. पुढचं त्याने स्वतःच गावाच्या अड्ड्यावर, बँड क्लबात, इतक्यांदा सांगितलं, की मला पाठ आहे.

"ऑगस्टीन कौकी? ता-सेन्दुक?"

"मीच."

"अभिनंदन! जागा तुमची. एक ऑक्टोबरपासून इकडे यायचं."

आता, सशांच्या विस्तिनला पहिल्या वाक्यातच कळलं होतं की हा फोन चुलतभावाचा. त्याच्या सशांनी काही अर्ज केला नव्हता. पण आमच्याकडे 'तो मी नव्हे' असं सांगून फोन ठेवणं हा उद्धटपणा समजतात. घरातल्या एकाला आलेला फोन घराण्याला आलेला असतो. त्याने साहेबांचे आभार मानले, नंबर लिहून घेतला, एक ससा सोलून कागदात गुंडाळला आणि जुझामावशीकडे गेला.

मावशी ऐकून खुर्चीवर बसली. मग बसवाला आला. मग सरांची मोठी बहीण शेजारच्या गावाहून. सर तेव्हा शाळेत पुठ्ठ्याचा फोन उचलत होते.

"त्याला सांगायला हवं," बहीण म्हणाली.

"सांगितलं तर जाईल ना!" मावशी म्हणाली.

"मग काय करायचं?"

"जायचं तर त्याला वाईट वाटेल, मला सोडून जाताना. नाही जायचं तर त्याला वाईट वाटेल, नाही म्हणताना. त्याला कळलंच नाही तर कशाचंच वाईट वाटणार नाही."

याला आमच्याकडे माया म्हणतात. बुधवारी सकाळी सशांच्या विस्तिनने खात्याला फोन लावला. त्याला खोटं बोलावंही लागलं नाही. "मी ऑगस्टीन कौकी. फार उपकार झाले, साहेब. पण आईचं वय झालंय, जमणार नाही."

बुधवारी संध्याकाळपर्यंत गावात ही गोष्ट माहीत नसलेला माणूस एकच होता. काळ्या मांजरीच्या दुकानात पाव घेताना मलाही कळली. आणि गुरुवारी दिवसभर मी पार्टिशनच्या अलीकडे बसून सरांचा आवाज ऐकत होते, आणि काही बोलले नाही. मला वाटलं, हा त्यांच्या घरातला प्रश्न. मला वाटलं, हेडसर सांगतील. मला काय काय वाटलं! सगळ्या गावाला तसंच वाटत होतं. शुक्रवारी मधल्या सुट्टीत सर मला म्हणाले, "या आठवड्यात निकाल लागायला हवा होता. पोस्टमन तर रोज हसून जातो माझ्याकडे बघून." मग मात्र मला राहवेना. मी सांगितलं.

सर तडक उठले. हेडसरांच्या खोलीत गेले आणि हात पुढे केला.

"गावातला की बाहेरचा?" हेडसरांनी किल्ली गळ्यातून काढता काढता विचारलं. "बाहेरचा असेल तर वहीत लिहावं लागेल."

"लिहा."

खिडकीला पाचवीचा वर्ग चिकटला, मागे मी. सरांना खरा फोन करताना पोरं पहिल्यांदाच बघत होती. "सरांनी रिसीव्हर उलटा धरला," मार्तीझ कुजबुजली. सरांनी सुलटा केला.

"मी ऑगस्टीन कौकी बोलतोय. गोझोहून."

पलीकडे एक बाई होत्या. खोली लहान, त्यांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "कौकी? पण तुम्ही परवा नाही म्हणालात."

"तो मी नव्हतो."

"त्यांनी हेच नाव सांगितलं."

"त्याचंही हेच नाव आहे."

"थांबा." पानं उलटल्याचा आवाज. "इथे तीन आहेत. तुम्ही यातले कोणते?"

हेडसर छताकडे बघू लागले.

"ज्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही," सर म्हणाले, "तो."

बाईंनी साहेबांना बोलावलं. देस्पोत्त साहेब खरंच हळहळले. "अहो, मला वाटलं तुमचा घसा बसलाय! पेटीचे म्हणून मी नेमका पेटीवालाच शोधला. काल दुपारी दुसऱ्या उमेदवाराला फोन गेला हो. त्यांचा होकारही आला. आधी तरी सांगायचं होतंत."

"मला आज कळलं."

"तुम्हाला आज? आणि तुमच्या भावाला मंगळवारी?"

"हो."

"कमालच आहे तुमच्या बेटाची," साहेब म्हणाले, आणि बिचाऱ्याला हसू आवरेना. सरांनी आभार मानून फोन ठेवला. जसा वर्गात शिकवला होता तसा, हळू, दोन्ही हातांनी. हेडसरांनी कुलूप लावलं.

घरी ससा शिजला होता, दारू आणि लसूण घालून, रविवारसारखा. पुढचं मला सरांच्या बहिणीने सांगितलं. सरांनी टाय न सोडता ताटावर बसून विचारलं, "आई, का?"

"म्हणजे, तुला खरंच जायचं होतं?"

"चार वेळा अर्ज केला, आई. चारही वेळा तुला सांगून."

"ते तू बोलायचास," मावशी म्हणाली. "मला वाटलं, नुसतं बोलतोयस. तुझे वडीलसुद्धा बोलायचे." मग तिने त्यांच्या ताटात सशाची मांडी वाढली, जी घरात पाहुण्याला वाढतात. "खा. निवतंय."

ते जेवले. न जेवून जाणार कुठे? संध्याकाळी सशांचा विस्तिन आला, अपराधी चेहऱ्याने, खुराड्याच्या दाराची नवी कडी दाखवायच्या निमित्ताने. सरांनी कडी बघितली, चांगली आहे म्हणाले. गावाला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलू लागले, भाजीवालीने त्यांना सर म्हणून हाक मारली, आणि मला वाटतं, सरांना सगळ्यात जास्त लागलं असेल तर ते तेच.

पुढल्या वर्षी जानेवारीत पुस्तिका आली. निळं कव्हर, गुळगुळीत कागद, प्रत्येक पोराला एक. खात्याची सक्ती होती, म्हणून जुन्या डिरेक्टऱ्या कपाटात गेल्या. पुस्तिकेत एका काल्पनिक शहराचं नमुना पान होतं. अबेला, बोनिची, दिमेक, एलुल, फेनेक. पन्नास माणसं, पन्नास आडनावं. प्रत्येकाच्या रस्त्याला नाव, प्रत्येक घराला नंबर. सर ते पान बराच वेळ बघत होते. मी फटीतून त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी पाठ सुरू केला, आणि पोरांनी दहा मिनिटांत सगळं सोडवून टाकलं. काही शोधायलाच लागत नव्हतं.

"सर," मार्तीझने हात वर केला, "या गावात कुणी कुणाचं लागत नाही?"

"नाही."

"चुलतभाऊसुद्धा नाही? मावशीसुद्धा नाही?"

"कुणीच नाही. प्रत्येकजण एकटा, आपापल्या नंबरावर."

मार्तीझने पानावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. तिला त्या पन्नास माणसांची खरोखर काळजी वाटली असावी.

"मग सर, ते एकमेकांना फोन कशाला करतात?"

वर्ग हसला. सवयीने माझाही. मी रूळ आपटण्याची वाट बघत होते. फटीतून पाहिलं, तर सर त्या नमुना पानावरच्या एका घराच्या नंबरावर बोट ठेवून उभे होते. चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट दिसलं नाही. हेवा असेल, किंवा पोरीला खरं उत्तर द्यावं की नाही याचा विचार.

"बस," ते शेवटी म्हणाले. "आणि पान उलट. पुढचा धडा बोटीच्या वेळापत्रकाचा आहे."